झाकणावरचं नाव

टिपणीस वकिलांनी बॅगेतून शॅम्पूची एक बाटली काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

“मगदूम मॅडम, हे काय आहे?”

“शॅम्पूची बाटली.”

“उघडा जरा.”

मी अंगठ्याने झाकण वर केलं. टक् असा आवाज झाला.

“झाकण कुठं गेलं?”

“कुठं नाही. बाटलीलाच आहे.”

“म्हणजे हरवलं नाही, दुसऱ्या बाटलीवर जाऊन बसलं नाही. अशी बाटली तुमच्या न्हाणीघरात किती वर्षं आहे?”

“असेल पंधराएक वर्षं.”

“बस, एवढंच,” म्हणून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. दोघंतिघं हसले. मीही हसले. तोंड बंद ठेवलं असतं तर माझे दात वाजत होते ते ऐकू गेलं असतं.

पेटंट कार्यालयातली सुनावणीची खोली होती ती. एसी इतका गार की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. समोर कंट्रोलर साहेब, म्हणजे निकाल देणारे. उजवीकडे टिपणीस आणि कंपनीची दोन माणसं. डावीकडे आमच्या वकीलबाई गौरी शिधोरे आणि त्यांच्या मागे, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेला, युनूस मुजावर.

युनूसचं कुपवाडच्या एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट होतं. अकरा बायका कामाला. मी मिरजेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं तंत्रज्ञ होते, आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी, तुकडे ज्या बाटल्यांतून आमच्याकडे येतात त्या बाटल्या युनूस पुरवायचा. त्याने एक नवी बाटली काढली होती. तिचं झाकण एका जाड पट्टीने बाटलीलाच धरलेलं, सुटूच न शकणारं. आणि गळ्यापाशी एक चपटी जीभ बाहेर काढलेली. पेशंटचं नाव त्या जिभेवर लिहायचं. त्याला पेटंट मिळालं. मग एका मोठ्या कंपनीने हुबेहूब तशीच बाटली बाजारात आणली, आणि युनूसने हटकल्यावर पेटंटच रद्द करा म्हणून अर्ज ठोकला. त्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं: यात नवीन काय? हे तर उघड आहे. कुणालाही सुचलं असतं.

पेटंट गेलं असतं तर युनूसचं युनिट सहा महिने तगलं नसतं.

कायदा म्हणतो, त्या कामातल्या साध्या जाणकार माणसाला जे सहज सुचलं असतं त्यावर कुणी हक्क सांगू नये. तर तो साधा जाणकार माणूस म्हणून मला उभं केलं होतं. फार हुशार नको, अगदी मठ्ठही नको. शिधोरेबाईंनी हे समजावून सांगितलं तेव्हा माझीच निवड का झाली ते माझ्या लक्षात आलं.

“फक्त एवढंच सांगायचं, मला सुचलं नसतं,” त्या म्हणाल्या होत्या. “का, ते विचारलं तर दोन वाक्यं. तिसरं नको.”

शॅम्पूच्या बाटलीला मी घाबरले नव्हते. टिपणीसांच्या कोपराखाली एक निळी फाइल होती. तिच्यावर आमच्या हॉस्पिटलचा शिक्का होता. सकाळी खोलीत पाऊल टाकलं तेव्हाच ती मला दिसली होती.

“तुमच्या प्रतिज्ञापत्रात म्हटलंय,” टिपणीस वाचू लागले, “की जुन्या पद्धतीत नाव झाकणावर लिहीत. का हो? बाटलीवर का नाही?”

हे मला येत होतं. सांगितलं. बाटलीत फॉर्मॅलिन असतं, नमुना टिकवायचं औषध. ते पाझरतं, बाटलीच्या अंगाला लागतं, शाई पसरते, ओली चिकटपट्टी गळून पडते. कोरडं राहतं ते एकटं झाकण. म्हणून ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर पट्टीवर पेन्सिलीने नाव लिहून झाकणावर चिकटवतात. मी लागले तेव्हाही तसंच होतं, माझ्या आधीही तसंच होतं.

“आणि त्यामुळे अदलाबदल होण्याचा धोका असतो, असं तुम्ही म्हणता.”

“हो.”

“धोका. झालेली अदलाबदल नव्हे.”

मी निळ्या फाइलकडे पाहिलं.

त्यांनी फाइल उघडली. आत आमच्या लॅबच्या चुकांच्या रजिस्टरच्या झेरॉक्स होत्या. दर महिन्याच्या शेवटी त्यात एक पान भरायचं असतं. काच फुटली किती, रिपोर्टला उशीर किती, नमुन्यांची अदलाबदल किती. टिपणीस एकेक पान माझ्यापुढे सरकवत गेले.

“अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“‘नमुन्यांची अदलाबदल’ या रकान्यात काय लिहिलंय? वाचा.”

“निरंक.”

“पुढच्या महिन्यात?”

“निरंक.”

“मॅडम, मी बावीस वर्षांची पानं मोजली. प्रत्येक पानावर निरंक. मग साहेब,” ते कंट्रोलरकडे वळले, “जी अडचण बावीस वर्षांत एकदाही आली नाही, ती सोडवायला कुणी बसलं नाही यात नवल काय? गरज पडली असती तर कुणीही दोन जुन्या गोष्टी जोडल्या असत्या. शॅम्पूचं झाकण आणि नावाची पट्टी. यात शोध कसला?” मग परत माझ्याकडे. “मॅडम, शपथेवर सांगा. हे रजिस्टर खरं आहे ना?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त ‘हो’ हवं होतं. एक ‘हो’ म्हटलं की मी सुटले, आणि युनूस बुडाला. ‘नाही’ म्हटलं की नोकरी, बावीस वर्षांचं नाव, सगळं त्या टेबलावर. माझे तळहात इतके ओले झाले की शॅम्पूची बाटली हातातून निसटली आणि गडगडत टिपणीसांकडे गेली.

मला अकरा वर्षांपूर्वीची एक दुपार दिसत होती.

त्या दुपारी दोन बाटल्या आल्या होत्या. दोन्ही मानेतल्या गाठी, दोन्ही हरभऱ्याएवढ्या. फॉर्मॅलिन कमी वाटलं म्हणून मी दोन्ही बाटल्या एकदम उघडल्या. एकदम. नव्या पोरीने असं केलं असतं तर मी तिचे कान उपटले असते. झाकणं शेजारी शेजारी ठेवली आणि तेवढ्यात फोन वाजला. बहिणीचा होता, बारशाचं बोलावणं. मिनिटभर बोलले असेन. वळून पाहिलं तर टेबलावर दोन उघड्या बाटल्या आणि दोन झाकणं, आणि कुठलं कुणाचं ते मला सांगता येईना.

तिथेच ओरडायला हवं होतं. दोन्ही नमुने बाद, डॉक्टर, माझी चूक झाली, पेशंटना परत बोलवा. पण परत बोलवायचं म्हणजे मानेवर परत सुरी. आणि माझ्या नावाने रजिस्टरमध्ये पहिली नोंद. मी मनाला सांगितलं की डावं झाकण डाव्या बाटलीचंच असणार, मी नेहमी तसंच ठेवते. लावली झाकणं. पुढे रिपोर्ट आले. एका गाठीत टीबी निघाला. दुसरीत कॅन्सर.

टीबीचा रिपोर्ट गेला भारती सिदनाळे हिच्या नावावर, वय एकोणीस, राहणार बेडग. कॅन्सरचा गेला पंढरीनाथ कोष्टी यांच्या नावावर, वय बावन्न. ते मुलाकडे मुंबईला गेले, तिकडेच उपचार झाले, पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. मुंबईचे डॉक्टर गाठीची काचपट्टी, म्हणजे स्लाइड, पुन्हा तपासतात, हे खरं. पण आमच्याच बाटलीतून निघालेली काचपट्टी. तिच्यावरचं नावच चुकलं असेल तर त्यांना कुठून कळणार?

झाकणं बरोबर लागली असतील तर काहीच झालं नव्हतं. चुकली असतील तर एकोणीस वर्षांच्या मुलीला कॅन्सर होता आणि आम्ही तिला टीबीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं.

मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं ठाऊक नव्हतं. महिनाअखेर मी त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ लिहीत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“मॅडम?” टिपणीस म्हणाले. “सोपा प्रश्न आहे.”

मी युनूसकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, घाबरू नका अशा अर्थी. त्याला वाटलं, एवढ्या साहेबलोकांपुढे ताई बावरल्या.

“रजिस्टर खोटं आहे,” मी म्हणाले.

शिधोरेबाईंचं पेन थांबलं. टिपणीसांना आधी आनंद झाला, साक्षीदार फुटल्याचा. मग त्यांच्या लक्षात आलं की कुणाच्या बाजूने फुटली, आणि ते घाईघाईने म्हणाले, “साहेब, हे प्रतिज्ञापत्रात कुठेच नाही. हा नवा पुरावा आहे.”

“प्रश्न तुम्हीच विचारलात,” कंट्रोलर म्हणाले. हळू बोलणारा माणूस. “बोला मॅडम. काय खोटं आहे?”

मी सगळं सांगितलं. पेशंटची नावं तेवढी सोडून. मधे मला दोनदा पाणी दिलं गेलं, आणि दुसऱ्यांदा ते मी साडीवर सांडलं.

“आणि त्यानंतर?” कंट्रोलरनी विचारलं. “पुन्हा असं होऊ नये म्हणून तुम्ही काय केलंत?”

“सगळं केलं, साहेब. एका वेळी एकच बाटली उघडायची, असा नियम केला. लॅबच्या टेबलावरचा फोन उचलून बाहेर ठेवला. झाकण उचलताना नाव मोठ्याने वाचायचं, असं सगळ्यांना लावून दिलं. एका मुलीने नाव न वाचता झाकण उचललं म्हणून तिला मी इतकी बोलले की ती नोकरी सोडून गेली. सोमवारचे उपास धरले. बाटली उघडताना अजून माझा हात थरथरतो, म्हणून दोन्ही कोपरं टेबलाला घट्ट टेकवून ठेवते.”

“आणि बाटली?”

“काय, साहेब?”

“बाटलीत काही बदल करावा, असं?”

मला हसूच आलं. भीतीने माणूस भलत्या वेळी हसतो.

“नाही साहेब. अकरा वर्षं मी माणसं दुरुस्त करत बसले. स्वतःला, पोरींना, सिस्टरना. चूक माणसाची, तर माणूसच सुधारायला हवा ना? बाटलीकडे माझं लक्षच गेलं नाही. शॅम्पूची बाटली मी आठवड्यातून दोनदा उघडते. तरी नाही गेलं.”

“मुजावरांचं कसं गेलं?”

“तो माल द्यायला आला होता. झाकणावरच्या पट्ट्या बघून म्हणाला, ‘ताई, हे नाव झाकणाचं हाय का बाटलीचं?’ मी त्याच्या अंगावर ओरडले. मला वाटलं, याला कळलं. तो बिचारा घरी गेला आणि त्याने ही बाटली केली.”

टिपणीसांनी फाइल मिटली. आणखी काही विचारायचं नाही म्हणाले.

बाहेर आल्यावर युनूसने चहा आणला. त्याचा स्वतःचा कप तसाच गार होत राहिला.

“ताई, मला आधी सांगायचं होतंसा.”

“सांगितलं असतं तर?”

“तर तुमास्नी उभं केलं नसतं मी. दुसरं कोण तरी बघितलं असतं. न्हाईतर गेलं असतं पेटंट.” मग म्हणाला, “त्या पोरीचं काय झालं पुढं?”

“माहीत नाही.”

“अकरा वर्षांत इचारलं न्हाईसा?”

पत्ता नमुन्यांच्या रजिस्टरमध्ये होता. बेडग मिरजेपासून वडापच्या शेअर जीपने अर्धा तास. त्या गावचा पेशंट आला की मी दुसऱ्या मुलीला पुढे करून आत जायची, चुकून तिची बातमी कानावर पडू नये म्हणून. एकदा बेडगच्या पाहुण्यांचं लग्नाचं आमंत्रण आलं तर ताप आल्याचं सोंग घेतलं.

आदेश दोन महिन्यांनी आला. पेटंट टिकलं. शिधोरेबाईंनी मला त्यातलं एक वाक्य फोनवर वाचून दाखवलं होतं: ज्या जाणकार व्यक्तीला इतकी वर्षं धास्ती असूनही जे सुचलं नाही, ते उघड होतं असं म्हणता येणार नाही. तोवर हॉस्पिटलने माझी चौकशी सुरू करून मला लॅबमधून काढलं होतं आणि स्टोअरमध्ये चादरी मोजायला बसवलं होतं. त्याची मी तक्रार करणार नाही. पण ते सगळं नंतरचं.

सुनावणी झाली गुरुवारी. शनिवारी सकाळी मी बेडगला जायला निघाले. वडापमध्ये जीव मुठीत धरून बसले होते. म्हैसाळच्या फाट्यावर उतरून परत फिरावं असं मनात आलं, आणि गाडी थांबली नाही म्हणून फिरले नाही, इतकं माझं शौर्य.

स्टँडवरच्या पानपट्टीवाल्याला विचारलं, “सिदनाळ्यांचं घर?”

“कुठले? चार घरं हाईत.”

“भारती सिदनाळे म्हणून…” पुढचं क्रियापद मला सुचेना. आहे म्हणू की होती म्हणू.

त्याने पानाला चुना लावता लावता हात केला. “ती शाळंत असंल आत्ता. खिचडी करती पोरांची.”

मी त्याच्या बाकड्यावर बसले. तो म्हणाला, काय झालं ओ बाई? मी म्हटलं, काही नाही, गाडी लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी पदराने पुसत होते. उन्हात बसलेला एक म्हातारा माझ्याकडे टक लावून बघत राहिला. बरोबर होती झाकणं. डावं डाव्याचंच होतं. करते. खिचडी करते.

तिला न भेटता परत जावं, असं वाटलं होतं. काम झालं होतं माझं. पण एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला कोण झोप लागू देणार?

शाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ती होती. तिशीची, धिप्पाड बाई, चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत होती. मानेवर उजवीकडे पांढरट वण. मी दारात उभी राहिले. तिने वर पाहिलं, हात क्षणभर थांबला, मग पुन्हा ढवळू लागली.

“या. कोन पायजे?”

“मी… मिरजेहून आले. जुन्या पेशंटची चौकशी करतोय आम्ही. तुमची मानेची गाठ काढली होती.”

“व्हय की. टीबी हुता. न्हऊ म्हयने गोळ्या खाल्ल्या. झाला बरा.” तिने एक स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. “बसा. इतक्या वर्षांनी कशी काय चौकशी?”

“असंच. तब्येत बरी ना?”

“बघताय की. घोड्यावानी हाय.” ती हसली. “तवा मातर लई भ्यालो हुतो. मरनार असंच वाटल्यालं.”

“टीबीने? टीबी बरा होतो, हे सांगितलं नव्हतं का तुम्हाला?”

“सांगितल्यालं की. रिपोर्ट द्याला एक बाई हुत्या. त्या म्हनाल्या, टीबी हाय, बरा हुतो, भिऊ नकोस. पर त्यांचं तोंड बघितलं मी. पांढरं फटक. कागद देताना हात असा थरथर करत हुता. मी आईला भाईर आल्यावर म्हटलं, आई, ही बाई खोटं बोलती. मला काय तरी वंगाळ झालंय आनि ह्येंनी लपवल्यात.”

पातेल्यात खिचडी रटरटत होती. तिने जाळ कमी केला.

“माजं लगीन ठरल्यालं तवा. कवठ्याचा मुलगा हुता, चांगला हुता. साखरपुडा झाल्याला. मीच मोडलं. म्हटलं, मरनारीनं कशाला दुसऱ्याच्या घरात जायाचं? आई लई रडली. न्हऊ म्हयन्यांनी डॉक्टर म्हनाले, बरी झालीस. पर तवर त्याचं दुसरीकडं झालं हुतं. मग परत काय जमलं न्हाई.” हे सगळं तिने ढवळता ढवळता सांगितलं, रोजचं काही सांगावं तसं. “भावाकडं असती मी. बरं हाय.”

शेडमध्ये धूर होता, ते एक बरं. झाकणं मी बरोबर लावली होती. दोन्ही बरोबर. आणि रिपोर्ट देताना मला वाटलं होतं की मी किती शांतपणे बोलतेय.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. परवाच्या सुनावणीचीसुद्धा एवढी नव्हती.

“भारती,” मी म्हटलं, “ती बाई मीच.”

तिने उलथनं पातेल्याच्या काठावर ठेवलं, हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“म्हाईत हाय की,” ती म्हणाली. “दारात हुबा ऱ्हायलासा तवाच वळखलं. तसंच तोंड हाय अजून.”

मग तिने एक ताटली धुतली आणि माझ्यासाठी खिचडी वाढायला घेतली.